काकूंचे पाच दिवस

माझे वडील कामगार संघटनेत होते. घरात पत्रकांचे गठ्ठे असत आणि मी अक्षरं त्यांवरूनच शिकले. त्यामुळे स्वतःचा व्यवसाय सुरू केला तेव्हा पहिलं कामही पत्रक लिहिण्याचंच केलं. 'सुट्टी ही श्रीमंतांची मालमत्ता नाही. घर द्या, घर घ्या!' किनाऱ्यावरच्या कुटुंबाने शहरातल्या कुटुंबाच्या घरी पाच दिवस राहायचं आणि त्यांनी यांच्या घरी. भाडं नाही. जोड्या जुळवायच्या, चाव्या पोचवायच्या, एवढं माझं काम.

लोक आमच्या किनाऱ्यावर सुट्टीला येतात आणि त्यांच्यासाठी मासे तळणाऱ्या बाईला मात्र वर्षभर सुट्टी नसते, याचा मला लहानपणापासून राग होता. पहिली जोडी जुळली ती बोर्ली पंचतनजवळच्या एका काकूंची. बाळंतपणं सोडली तर या बाईने सलग दोन दिवस दुसऱ्याच्या हातचं खाल्लं नव्हतं. त्या आणि काका पुण्याला जाणार होते आणि पुण्याचं एक शिक्षक जोडपं त्यांच्या घरी येणार होतं. मला काकूंचे ते पाच दिवस हवेच होते. ते हुकले असते तर माझं पत्रक खोटं ठरलं असतं.

शिक्षक जोडपं काकूंच्या घरी पोचलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शिक्षिकेचा फोन आला.

"ताई, घर फार छान आहे. फक्त, काकू आमच्याकडे जाणार कधी? आमचा वॉचमन कालपासून चावी घेऊन बसलाय."

मी स्कूटर काढली. काकू आपल्याच स्वयंपाकघरात खोबरं खवत होत्या. पाहुण्यांच्या हातात चावी देऊन त्या शेजारी दिराकडे झोपायला गेल्या होत्या आणि तिन्ही वेळा येऊन रांधत होत्या. काका ओटीवर भरलेल्या पिशवीशेजारी बसले होते.

"काकू, तुम्ही पुण्यात असायला हव्या होतात!"

"आणि ही माणसं काय खातील? घरात पाव्हणा आलाय, बाय. त्याला टाकून कोन फिराया जातं?"

"पाहुणे नाहीत ते. अदलाबदल आहे ही."

"माझ्या घरात जेवतात ना? मग पाव्हणेच."

मी पेटले. विश्रांती हा कष्टकऱ्यांचा हक्क, बाईला चुलीशी बांधणारी रीत आता मोडलीच पाहिजे, असं बरंच काही बोलले. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"झालं? घसा सुकला असंल. कोकम घे."

वडिलांबरोबर कारखान्याच्या गेटवर पत्रकं वाटताना मी शिव्या खाल्ल्या होत्या, पण भाषणावर कोकम कुणी दिलं नव्हतं. शेवटी शिक्षिकाच पुढे आली.

"काकू, पाहुणा उपाशी राहू नये हे खरंच. पण आमचे पाहुणे तुम्ही ना? तुमच्यासाठी वीस पुरणपोळ्या करून ठेवल्यात मी."

काकूंचा हात थांबला. "मग? कोन खातंय त्या?"

"कोणीच नाही. घराला कुलूप आहे."

"अगो बाय!" काकू माझ्यावरच उखडल्या. "तिकडं बिचारीनं आमच्यासाठी पुरन घातलंय आणि तू मला हक्क सांगत बसलीस! हे आधी सांगायचं न्हाय व्हय?"

तरी एक अट राहिलीच. इथे भात कोण लावणार? शिक्षकांनी हात वर केला. काकूंनी समोर उभं राहून त्यांच्याकडून एक टोप भात करून घेतला. पेज गाळताना त्यांचं बोट पोळलं, पण शीत खाली सांडलं नाही. काकूंनी एक शीत दाबून पाहिलं.

"चालंल. मीठ मात्र बेतानं."

"आता तरी निघायचं का?" काका ओटीवरून ओरडले. "पिशवीला पालवी फुटंल माझ्या!"

दुपारच्या एसटीत मी स्वतः दोघांना बसवून दिलं. गाडी वळणाआड जाईपर्यंत हललेच नाही. न जाणो, काकू उतरायच्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी फोन केला.

"काय करताय, काकू?"

"बसलेय."

"जेवलात?"

"पोळ्या खाल्ल्या. यांनी चाय केली."

"आता काय करणार?"

"आता?" मागून काकांचा भांडी घासण्याचा आवाज येत होता. "आता आनखी बसनार हाय. आणि ऐक, गिरनीवाल्या माझ्या जावेचं नाव लिवून घे. तिला पन बसू दे."