मी परराष्ट्रमंत्री होते तेव्हा

दुपारी संसदेचं चॅनल लावून बसणारी आमच्या आळीत मी एकटीच. नात म्हणते, "आजी, तू ते झोप लागावी म्हणून लावतेस." अगदीच खोटं नाही ते. जागतिक शांतता, सागरी सुरक्षा, विकसनशील राष्ट्रं असे शब्द पंख्याच्या वाऱ्यासारखे अंगावरून गेले की डोळा छान लागतो. पण एका दुपारी मी टक्क जागी झाले. आखातात अडकलेल्या खलाशांबद्दल कुणा खासदाराने विचारलं होतं आणि मंत्री उठून म्हणाले, "माहिती गोळा करण्यात येत असून ती सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल."

मी मोठ्याने हसले.

"काय झालं गं?" नात धावत आली.

"अगं, हे वाक्य माझं आहे! मी आधी म्हटलंय, टाळ्या घेऊन!"

म्हातारीचं काहीतरी सटकलं, असं तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

खरंच मी एकदा परराष्ट्रमंत्री होते. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात, अभिरूप संसदेत, पाऊण तास. आत्याची खादीची साडी, केसांचा अंबाडा आणि वजन यावं म्हणून वडिलांचा चष्मा. त्या चष्म्यातून मला स्टेजच्या पुढचं काहीही दिसत नव्हतं. पण मान अशी ताठ की दोन महासत्ता माझ्याच होकारासाठी थांबल्या आहेत. आरशासमोर महिनाभर घोकलेलं भाषण अजून थोडं आठवतं. "मानवजात आज विनाशाच्या उंबरठ्यावर उभी आहे," असं म्हणून मी जो पॉज घ्यायची, त्यात एखाद्याने चहा पिऊन घेतला असता. माझ्या स्वतःच्या उंबरठ्याबाहेर मी तोवर फक्त देवरूखपर्यंत गेले होते, मामेबहिणीच्या लग्नाला.

माझी जिवाभावाची मैत्रीण विरोधी बाकावर होती. पावस गावाच्या पुढच्या किनाऱ्यावरची, खलाशांच्या घरातली. तिचा भाऊ मालवाहू जहाजावर होता. सुट्टीवर आला की खजुराचा एक डबा माझ्यासाठी वेगळा ठेवायचा. त्या वर्षी आखातात दोन देशांचं युद्ध पेटलेलं होतं आणि चार महिने त्याचं पत्र नव्हतं. हे मला माहीत होतं. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढचं वाचून कुणी म्हणेल, बिचारीला ठाऊक नसेल.

सरांनी सगळे प्रश्न लिहून दिले होते. मैत्रिणीचा प्रश्न होता गरीब देशांना धान्य पाठवण्याबद्दल. तिने तो वाचला, मी पाठ केलेलं उत्तर फेकलं. मग ती खाली बसेना.

"अध्यक्ष महोदय, पूरक प्रश्न. आखातातल्या जहाजावर गेलेल्या आपल्या जिल्ह्यातल्या एका खलाशाची चार महिने खबर नाही. सरकार त्याला शोधतंय का?"

तिचा आवाज थरथरत होता. मला मात्र एवढंच सुचलं की ही मला पाडायला बघतेय, बक्षीस न्यायला बघतेय. सरांनी अडीअडचणीसाठी एक चिठ्ठी दिली होती. ती मी न बघता म्हणून टाकली. समोरच्या धुरकट अंधाराकडे रोखून बघत, एकेक शब्द तोलत मी म्हणाले, "सदर इसमाची माहिती गोळा करण्यात येत असून ती लवकरच सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल."

टाळ्या! पहिल्या रांगेत लाल दिव्याच्या गाडीतून आलेले साहेब बसले होते, त्यांनीही वाजवल्या. उत्कृष्ट संसदपटू म्हणून मला कप मिळाला. मैत्रीण आठवडाभर बोलली नाही. बक्षीस हुकलं म्हणून रुसली असेल, असं मी घरी सांगितलं. त्या कपात आता माझे केसांचे आकडे असतात.

तिचा भाऊ कधीच परतला नाही. पुढे तिचं लग्न झालं, ती नवऱ्याबरोबर मस्कतला गेली, आता आईला सांभाळायला परत गावी आली आहे. आम्ही सणासुदीला फोनवर बोलतो. म्हणून त्या दुपारी मी तिला फोन लावला, हसतहसतच. "अगं, आपलं वाक्य आज टीव्हीवर आलं!"

ती हसली नाही.

"अम्मा अजून त्या वाक्यावरच आहे," ती म्हणाली.

"म्हणजे?"

मग तिने कधी न सांगितलेलं सांगितलं. त्या दिवशी तिची आई, अम्मा, हॉलमध्ये होती. लेक स्टेजवर बोलणार म्हणून गावातून एसटीने आली होती, आणि बायामाणसांना पुढे जागा म्हणून दुसऱ्या रांगेत, साहेबांच्या मागेच बसली होती. पोलीस, हार, लाल दिव्याची गाडी, समोर माइकवरून सांगणारी मी. तिने ते खरं मानलं. घरी जाऊन सगळ्यांना सांगितलं, सरकारने भर सभेत कबूल केलंय, खबर येतेय. तिचा दीर मुंबईला अर्ज द्यायला निघाला होता. त्याला तिने थांबवलं. सरकार स्वतः शोधतंय तर आपण कशाला मध्ये? सून सहा वर्षं थांबून माहेरी गेली. जनाजा उचलायला देह नसला तरी गेलेल्या माणसासाठी नमाज पढतात. ती अम्माने कधी पढू दिली नाही. खबर यायचीय, म्हणायची.

"तू तेव्हाच का नाही सांगितलंस तिला?" मी विचारलं.

"सांगितलं. किती वेळा. म्हणते, तुला काय कळतंय, तू तर प्रश्न विचारणारी होतीस. डॉक्टरांनी आता थोडे दिवस सांगितलेत. भाईची नमाज तिच्या डोळ्यांदेखत व्हावी, एवढंच वाटतं. तू ये गो. सरकारने सांगितलेलं सरकारनेच मागे घ्यायला हवं."

दुसऱ्या दिवशी मी पावसची एसटी धरली. ओल्या काजूची उसळ घेतली होती, रिकाम्या हाताने कसं जायचं. वाटभर वाक्यं जुळवत होते. एकेकाळी जगातल्या सगळ्या युद्धांवर बोलून घेतलेल्या बाईला एका म्हातारीसमोर काय बोलावं ते सुचत नव्हतं.

अम्मा खिडकीजवळच्या खाटेवर होती. आक्रसून लहान मुलीएवढी झालेली. मैत्रिणीने कानाशी नाव सांगितल्यावर तिने माझा हात चाचपला.

"मंत्रीण आली काय? बस." मग लगेच, "खबर आली?"

"नाही अम्मा. खबर नाही आली."

"येल."

"नाही येणार. अम्मा, मी खरी मंत्री नव्हते. ते कॉलेजातलं नाटक होतं. सरांनी चिठ्ठीवर लिहून दिलेलं मी म्हटलं. कोणीच शोधत नव्हतं."

"नाटक कसा?" ती म्हणाली. "साहेब होते की. आणि तू माझ्या डोळ्यांत बघून सांगितलंस. म्हणून तर मी मानलं."

वडिलांच्या चष्म्याचं मी बोलले नाही.

"नाटकच होतं, अम्मा. चुकलं माझं."

तिने डोळे मिटले. बाहेर कुणीतरी नारळ सोलत होतं, त्याचा आवाज येत राहिला. मैत्रीण दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. मला वाटलं, अम्माला झोप लागली.

"मग खऱ्या मंत्र्याला," ती म्हणाली, "कोणी विचारलंच नाय?"

मी मैत्रिणीकडे बघितलं. ती जमिनीकडे बघत होती. दीर निघाला होता, त्याला थांबवलं होतं. त्यानंतर कोणीच नाही.

"नाही, अम्मा."

तिने माझा हात सोडला नाही. तोंड मात्र भिंतीकडे वळवलं.

"जुम्म्याला पढा त्याची नमाज," ती लेकीला म्हणाली.

मैत्रीण मशिदीत निरोप द्यायला बाहेर गेली. मी तशीच खाटेपाशी बसून राहिले. उसळीचा डबा पिशवीतून काढायचा राहून गेला.