लाल कोब्याची चमक

अनगोळातलं आमचं घर वडिलांनी साठ वर्षांपूर्वी बांधलं. सपाट स्लॅब, गोलाईचा पोर्च, जिन्याला सिमेंटची जाळी आणि खाली तोंड दिसेल असा लाल कोबा. ते पाडून अपार्टमेंट कर म्हणणाऱ्यांचा मला संताप यायचा. रिटायर झालो आणि घर होतं तसं करायला घेतलं. जाळीचे तुकडे नव्यानं ओतून घेतले, लोखंडी खिडक्या खरवडून घेतल्या. ते सगळं जमलं. पण नळाच्या पाइपासाठी हॉलमधला कोबा फोडावा लागला होता, तिथला नवा पट्टा काही जुन्यात मिसळेना. तीनदा उकरून परत घातला. शेवटी सांबऱ्याहून एका म्हाताऱ्या गवंड्याला घेऊन आलो.

तो उकिडवा बसला आणि पट्ट्यावरून तळवा फिरवत राहिला.

"रंग बरोबर हाय, अण्णा. चमक न्हाय."

"मग पॉलिश मारा की."

"पॉलिश चार दिवस टिकंल. ही जुनी चमक पायानं आल्याली हाय. अनवाणी माणसं लई वर्षं फिरली की मग येती. घरात किती जणं असता?"

मुलगी पुण्यात, मुलगा बंगळूरला. घर दोघांनाही नको आहे.

"आम्ही दोघंच, नवरा-बायको," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली, चहा घेतला आणि गेला. टाचा दुखतात म्हणून आम्ही दोघंही घरात चपला घालूनच फिरतो, हे मी त्याला सांगितलं नाही.