अभ्यासाचा जागर

झोपेला शिव्या देणारी माणसं मला आधीपासूनच आवडत नाहीत. त्यात ती दुपारी पोटभर जेवून पंख्याखाली आडवी होणारी असतील तर मग विचारूच नका. माजलगावच्या आमच्या अभ्यासिकेचे सर असलेच होते. स्वतः कितीतरी परीक्षा दिल्या, एकीतही निघाले नाहीत, आणि मग कसं निघायचं ते दुसऱ्यांना शिकवायला बसले. ‘झोप हा विद्यार्थ्याचा शत्रू’ असं त्यांनी भिंतीवर लाल रंगात लिहून घेतलं होतं. त्याच भिंतीला टेकून सर जेवणानंतर घोरायचे.

तिथं एक रीत होती. वाचता वाचता कुणाची मान खाली आली की बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. ज्याला डुलकी लागली त्यानं उभं राहायचं आणि पुढचं उभ्यानंच वाचायचं. काय तो आनंद व्हायचा एकेकाला! स्वतःला दोन ओळी पाठ व्हायच्या नाहीत, पण दुसऱ्याची मान कधी पडतीय यावर डोळे लावून बसायचे. माझ्यासाठी लई वेळा टाळ्या वाजल्या. मी उठायचे, पुस्तक मिटायचे आणि सरळ खोलीवर जाऊन झोपायचे. सर म्हणायचे, "ताई, तुमचं काही खरं न्हाई." बरं, म्हणायचे मी.

खोलीवर माझ्याबरोबर माझी धाकटी चुलत बहीण होती. तिच्यासाठी टाळ्या वाजल्या की मात्र तिचं तोंड एवढंसं व्हायचं. तिला पास व्हायचंच होतं. माझे चुलता-चुलती दर साली ऊसतोडीला जातात. चुलत्यानं सांगून टाकलं होतं, "ह्या भरतीत निघलीस तर तू तुजी मोकळी. न्हाईतर दसऱ्याच्या आत लगीन." सिरसाळ्याकडचं स्थळ तयारच होतं. मुकादम नवरा-बायकोची जोडी बघून कामाला घेतो, एकट्या गड्याला कोण विचारतंय? म्हणून त्या लोकांना कारखाना सुरू व्हायच्या आत सून पाहिजे होती. पोरीच्या हातात पुढं पेन राहणार का कोयता, ते त्या एका परीक्षेवर होतं.

आणि डोकं होतं हो तिला! मी गणित करायला कागद शोधेपर्यंत हिचं तोंडी उत्तर तयार असायचं. मला तिचा हेवा वाटायचा.

परीक्षा जवळ आली तसं सरांच्या अंगात आलं. आपल्याकडं देवीचा जागर असतो, नवस बोललेलं माणूस रात्रभर जागतं आणि देवी पावते म्हणतात. ह्या शहाण्यानं तेच परीक्षेला लावलं. परीक्षेच्या आदल्या रात्री अभ्यासिकेत म्हणे ‘अभ्यासाचा जागर’! पुस्तकांना हळद-कुंकू वाहायचं, नारळ फोडायचा, चहा ढोसायचा आणि उजाडेपर्यंत कुणी पाठ टेकायची नाही. पदव्या घेतलेली ही मंडळी, पण एकालाही विचारावंसं वाटलं नाही की देवी काय पेपर तपासायला बसलीय का. मला आधी हसू आलं, मग संताप आला.

"जाऊ नको," मी बहिणीला म्हणाले. "तुला येतंय सगळं. गप झोप."

"सगळेच जायलेत आक्का. मी एकटीच झोपले आन् नापास झाले, तर आबा म्हणतील झोपा काढल्या म्हणून."

मी चुलतीला फोन लावून दिला. चुलती म्हणाली, "झोप गं बाय. आमाला फडात मिळत न्हाई, तू तरी घे." तरी ती गेलीच. मी दिवा बंद केला आणि झोपले.

सकाळी आम्ही एकाच गाडीनं बीडला गेलो. परीक्षा कॉम्प्युटरवर होती आणि खोलीला एसी होता. एसीत ती जन्मात बसली नव्हती. तारवटलेले डोळे आणि वरून तो गार वारा. ती माझ्या पुढच्याच रांगेत होती. बघते तर हिची मान खाली, आणि स्क्रीनवर वेळ आपली पळतीय. तेव्हा मात्र मलाच टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. पर्यवेक्षिका आली, तिचा खांदा हलवला. "झोपायला आलात का इथं?" ती दचकून उठली, माऊस धरला, आणि थोड्या वेळानं परत तेच. बाहेर आल्यावर रडली नाही. नुसती म्हणाली, "आक्का, गणितं उघडलीच न्हाईत गं मी."

निकाल लागला. मी निघाले, ती नाही. सरांना गाठलं तर म्हणतात कसे, "जागरात मन लागलं न्हाई तिचं." ह्या माणसाला लाज कशी ती नाहीच! दसऱ्याच्या आत तिला हळद लागली.

दिवाळी झाल्यावर अभ्यासिकेबाहेर बॅनर लागला. त्यावर माझा फोटो, आणि खाली ‘अभ्यासाच्या जागराची यशस्वी विद्यार्थिनी’. सत्काराला बोलावणं आलं. मी मुद्दाम गेले. शाल घेतली, नारळ घेतला आणि माइकवर सांगितलं, "जागराच्या रात्री मी खोलीवर झोपले होते. जी जागली, ती आता उसाच्या फडात आहे."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी हसत हसत माइक काढून घेतला. "मॅडम लई विनोदी हायेत. बरं, पुढच्या जागराला कोण कोण बसणार?" भराभर हात वर झाले. सगळ्यात आधी पहिल्या बाकावरच्या एका पोरीचा.

बाहेर येऊन मी बहिणीला फोन लावला. मागं ट्रॅक्टर घुरघुरत होता. "ठेव आक्का," ती म्हणाली, "रातीपासनं गाड्या भरायलोत. दुसरी येईस्तोर जरा पडते."

तिनं फोन तसाच उशाला ठेवला असणार, बंद करायचा राहिला. मीही कानाला लावून उभी राहिले. जरा वेळानं मुकादमाचा आवाज आला, "ए उठ! झोपायला आलीस का हितं?"