माप चुकलं नव्हतं

शिंपिणीला तिच्या कामात कुणी खोट काढलेली मुळीच खपत नसे. त्यामुळे थोरला भाऊ गणवेशाची पँट टेबलावर टाकून “कमरेतून घसरते, तुझं माप चुकलंय,” म्हणाला, तेव्हा ती भडकलीच. भाऊ बसचा ड्रायव्हर. ड्युटीची वेळ झाली होती, म्हणून तिने कंबर इंचभर आत घेऊन दिली.

दोन महिन्यांत तीच पँट पुन्हा हजर! “अगं, आता चष्मा तरी लाव,” तो हसला.

मग मात्र तिने मापांची वही काढली. पँटवर टेप धरली. शिवण दोराभरही हललेली नव्हती. माप चुकलं नव्हतं, भाऊच कमी झाला होता.

उपाशी राहून बारीक झालेली गिऱ्हाइकं तिने ढिगाने पाहिली होती. पण हा तर जेवणावर आडवा हात मारत होता! तिने नीट बघितलं. एवढ्या वेळात पाण्याचा जग रिकामा झाला होता, आणि तो दोनदा मागे लघवीला जाऊन आला होता. नडगीवरचं महिन्यापूर्वीचं खरचटलेलं अजून ओलंच होतं.

“दादा, रक्त तपासून घे.”

“इंजिनाशेजारी बसतो मी, तहान लागणारच. बारीक झालो तर तुझ्या का पोटात दुखतं?” मग त्याचा आवाज उतरला. “साखर निघाली तर गाडी काढून घेतील गं माझी.”

भावाचा सगळा जीव त्या स्टिअरिंगमध्ये. तरी तिने पँट कपाटात टाकली आणि किल्ली फिरवली.

“रिपोर्ट आण, पँट ने. नाहीतर जा पायजम्यावर बस चालवायला.”

शेवटी दुकान बंद ठेवून तीच त्याला दवाखान्यात घेऊन गेली. साखर निघाली, चांगलीच वाढलेली.

“वेळेवर आलात. डोळे ठीक आहेत, मूत्रपिंडंही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “गोळ्या आणि पथ्य सांभाळा, म्हणजे गाडी सोडायची वेळ येणार नाही. पण ओळखलं कुणी? घरात कुणी डॉक्टर आहे का?”

भाऊ ताठ बसला. “ही माझी बहीण. शिंपीण आहे!”

चारचौघांत तो आजवर ‘घरी बसून काहीतरी शिवते’ असं ओठातल्या ओठात पुटपुटायचा. आज बाहेर बाकावर बसलेल्या पेशंटनाही ऐकू गेलं.