मायच्या माहेरचं तळं

माझा स्वभाव तापट. एकदा डोक्यात आलं की ते झालंच पाहिजे, तेही आजच्या आज. मायला तळ्यावर न्यायचं, हे असंच डोक्यात आलं, आणि तिला यायचंय का हे मी विचारलंसुद्धा नाही.

तळं तिच्या माहेरचं, सुलतानांच्या काळातलं. भालकीहून बसनं दीड तास. माझ्या लहानपणी तिथं नुसता गाळ होता आणि बेशरमाची झाडं माजली होती. मग सरकारनं मनावर घेतलं. ट्रॅक्टर लावून गाळ उपसला, निखळलेल्या दगडी पायऱ्या पुन्हा बसवल्या, पाण्यातल्या छत्रीला, म्हणजे मधल्या दगडी मंडपाला, रंगीत दिवे लावले, आणि दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत तिथं जत्राच भरायला लागली. आकाशपाळणा, गाण्यावर नाचणारं कारंजं, मिरची भज्यांचे गाडे, आणि बोटी. मी मराठी शाळेत मास्तरीण. शाळेतल्या सगळ्या बाया जाऊन आल्या होत्या, मीच राहिले होते. त्यात माझी सहा वर्षांची लेक बोट बोट करून डोकं खायची.

"माय, उद्या तळ्यावर जायचंय," मी म्हणलं.

"कामून?"

"कामून म्हणजे? बोटीत बसायला."

सकाळी बघते तर तिच्या पिशवीत पाण्याच्या दोन बाटल्या भरलेल्या.

"तळ्यावर पाणी घेऊन निघालीस. लोक हसतील."

"हसू दे. पाणी आपलं असावं."

आता सांगूनच टाकते. माय लहान होती तेव्हा आमच्या लोकांना त्या पायऱ्या उतरायची बंदी होती. आमच्या बायापोरी रिकाम्या घागरी घेऊन वर काठाला बसायच्या आणि 'पाणी वाढा वो माय' म्हणत राहायच्या. कुणाला दया आली तर ती खालून भरून आणायची आणि लांबूनच वरून ओतायची. माय एकदा, माझ्या लेकीएवढीच असेल, पायऱ्या उतरून गेली आणि पाण्यात हात घालून बसली. तिला मारलं, ते तर मारलंच. पण पुढं आठ दिवस आमच्या वस्तीला कुणी पाणी वाढलं नाही, आणि अख्खी वस्ती ह्या पोरीच्या नावानं खडे फोडत होती. हे तिनं मला जन्मात एकदाच सांगितलं. पुढं आमच्या लोकांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, वस्तीत विहीर झाली, नळ आला, मी शिकले, नोकरीला लागले.

पण खरं सांगू का, माझ्या अंगातनं ते गेलं नाही. नव्या घरी कुणी पाणी दिलं की मी आधी पेला बघते, रोजचाच आणलाय की कोपऱ्यातला वेगळा काढलाय. पाणी गोड लागतच नाही. म्हणून लेक झाली तेव्हाच मी ठरवलं होतं, हे माझ्यापाशी थांबायचं. ती मोठी झाली की सगळं सांगीन, वाचायला देईन, आपली माणसं कशी लढली ते छाती फुगवून सांगीन. पण ही धास्ती तिच्या अंगात शिरू द्यायची नाही. माझी एवढी एकच जिद्द होती.

मग मायला तिथं नेलंस कशाला, असं कुणीही विचारेल. मला वाटलं, एकदा त्या पायऱ्या उतरली की तिच्या मनातलं मळभ जाईल. लेकीला काय, आजी आणि बोट एवढंच दिसेल. दीड शहाणी मी.

दुपारी चारला पोहोचलो. पायऱ्यांच्या तोंडाशी माय थबकली. वाकून चपला काढल्या आणि हातात घेतल्या.

"घाल की चपला. सगळे घालूनच उतरायलेत," मी बारीक आवाजात म्हणलं.

"राहू दे. पाय भाजत न्हाईत."

"आज्जी, इथं देऊळ हाय का?" लेकीनं विचारलं, आणि आपल्याही चपला काढायला बसली.

"न्हाई गं, आज्जीचा पाय दुखायलाय," असं म्हणून मी तिच्या पायात चपला पुन्हा कोंबल्या. तिथून पुढं माझं लक्ष ना दिव्यांकडं ना कारंज्याकडं. माय काय करते आणि पोरगी काय बघते, एवढंच.

बोटीत आम्हाला धरून दहाजण होते, सगळ्यांच्या अंगात केशरी जाकिटं. शेजारी कलबुर्गीकडची एक बाई दोन पोरांना घेऊन बसली होती. चांगली होती बिचारी. तिनं माझ्या लेकीच्या हातात न विचारता चिप्सची पुडी दिली. माय मधोमध बसली, पदर दातात धरून.

"माय, छत्री बघ की."

"बघायले," ती म्हणाली, आणि बघत होती ती माणसांकडं.

छत्रीजवळ बोट वळली तशी लेकीनं काठावरून वाकून पाण्यात हात घातला. मायनं फाडकन तिच्या हातावर मारलं. ह्या पोरीवर तिनं कधी बोट उगारलं नव्हतं.

मग बोटवाला हसून म्हणाला, "अम्मा, डरो नक्को, इसमें मगर नै है." सगळे हसले. मायही हसली. लेक हसली नाही.

"आज्जी, कामून मारलीस?"

"पाणी गार हाय बाळा. सर्दी होती."

लेकीला ते पटलं. नाक ओढून तिनं हात मांडीवर ठेवले. निभावलं होतं सगळं. मी गप्प बसायला पाहिजे होतं. पण लेकीचे ते मांडीवरचे हात बघितले आणि माझं डोकं फिरलं. राग मायचा नव्हता, कुणाचा होता ते तळ्यालाच ठाऊक. मी लेकीचं मनगट धरलं.

"घाल हात पाण्यात."

"सर्दी होती ना?"

"काही होत न्हाई. घाल. आता कुणी काही म्हणत न्हाई."

मायनं झटकन माझ्याकडं बघितलं. तोपर्यंत बोलून झालं होतं. सहा वर्षं जे राखलं, ते मी माझ्याच तोंडानं घालवलं.

"कोण म्हणायचं?" लेकीनं विचारलं.

मी तिच्या जाकिटाचा पट्टा आवळायला लागले. तिनं हात माझ्याकडून सोडवून घेतला आणि बोटीतल्या एकेका माणसाकडं बघायला लागली, बोटवाल्याकडं, त्या दोन पोरांकडं, त्यांच्या आईकडं. पोरगी जन्माची मोठ्या गळ्याची, पण माझ्या कानाशी येऊन तिनं अगदी हळू विचारलं, "ह्या काकू म्हणतेत का?"