बोटभर बाबा

मला धीर म्हणून नाही. भात शिजला का ते बघायला मी चारदा झाकण काढते. अशा बाईने पुट्टीने मूर्ती घडवण्याच्या वाटेला जाऊ नये, पण मी गेले, कारण आईचे डोळे गेले होते. बाबांना जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. भिंतीवरचा त्यांचा फोटो काढून मी तिच्या हातात दिला, तर म्हणाली, "काचेला हात लावून काय कलनार मना?"

मग हाताला कळतील असे बाबा करायचे ठरवलं. मांडव्याहून लाँचने मुंबईला गेले आणि बोटभर उंचीचा प्लास्टिकचा सैनिक आणि मळल्यावर रात्रभरात दगडासारख्या कडक होणाऱ्या पुट्टीच्या दोन कांड्या घेऊन आले, एक निळी, एक पिवळी. दोन्ही सारख्या घेऊन एकच हिरवा रंग होईपर्यंत मळायच्या असतात. मी रेघा दिसत असतानाच थांबले. दुसऱ्या दिवशीही सगळं चिकटच. खरवडलं, पुन्हा मळलं.

बंदूक कापताना सैनिकाचा उजवा हात खांद्यासकट गेला. जाऊ दे म्हटलं, बाबांचा हात जन्मभर होडीच्या सुकाणूवर होता, बंदुकीवर कशाला? तिथे तार खोचली. खांदा शेवटी करायचं ठरवून आधी तोंड करायला घेतलं.

पुट्टी बोटांना चिकटू नये म्हणून बोटं पाण्यात बुडवायची. पण आमच्याकडे फणस कापतानासुद्धा हाताला खोबरेल लावतात, मीही तेच लावलं. चेहरा इतका गुळगुळीत झाला की मी खूश! त्यावर नाक बसवलं, आणि वाळल्यावर ते टपकन खाली पडलं. तेलावर दुसरा थर धरत नाही. साबणाने धुऊन पुन्हा बसवलं, पडेल या भीतीने चाचपत राहिले आणि वाकडं केलं. स्वतःचाच असा राग आला!

खांदा एका दुपारी केला. सकाळपर्यंत हात लावायचा नाही हे माहीत होतं, पण चहा उकळेपर्यंतही दम निघाला नाही. सैनिक उचलला आणि आईच्या तळहातावर ठेवला. तिने ओळखलंच नाही तर? फोटो गेला, आता हेही गेलं, तर तिच्याजवळ त्यांचं काय उरणार होतं?

तिची बोटं पुट्टीच्या टोपीवरून, माझ्या त्या लाडक्या नाकावरून न थांबता खाली आली आणि खांद्यावर अडली.

"यो कोन?"

"बाबा."

"न्हाय. तुजा बापूस असा ताठ कवा व्हता? जाली ओढून ओढून त्याचा यो खांदा पडलेला."

"अगं, ओलं आहे" म्हणेपर्यंत तिने अंगठा दाबला. खांदा खाली बसला. चाचपून तिने आणखी जरासा दाबला.

"आता हाय," ती म्हणाली आणि मूठ मिटली.

"दे, वाळायला ठेवते."

"माज्या हातान वालंल."

संध्याकाळपर्यंत तिने मूठ सोडली नाही. मी शेजारीच बसले होते, आणि एकदाही उघडून बघितली नाही.