मागच्या खोलीपर्यंतची लाइन

“कालपर्यंत पुढच्या खोलीत तरी नेट होतं, बाबा. आता घरभर नाही,” शैलेश म्हणाला. सकाळपासून हे तो तिसऱ्यांदा म्हणत होता. स्वयंपाकघराच्या दारात स्टुलावर उभे राहून बळवंतराव चौकटीवरची केबलची क्लिप उगाचच पुन्हा ठोकत होते.

शैलेशचं म्हणणं सरळ होतं. नवा राउटर दुकानात परत द्यायचा आणि आईचा पलंग पुढच्या खोलीत आणायचा. तिथे नेट येतं आणि रात्री बाबाही तिथेच झोपतात. आईने हाक मारली तर ऐकायला कोणीतरी असेल. मागच्या खोलीतून तिचा आवाज मधल्या स्वयंपाकघरातल्या फ्रिजच्या पुढे येत नव्हता, आणि नेटही फ्रिजच्या मागे जात नव्हतं.

प्रेमलाबाई मे महिन्यात विहिरीजवळच्या दगडावरून घसरल्या. पालघरला खुब्याचं ऑपरेशन झालं आणि लेकीच्या बाळंतपणाला मस्कतला जायचं राहिलं. मेघालीची मुलगी आता तीन महिन्यांची झाली होती. रोज चार वाजता, तिकडे पोर उठली की मेघाली व्हिडिओ कॉल करायची. मागच्या खोलीत चित्र गोठायचं, म्हणून प्रेमलाबाई वॉकर धरून पुढे यायच्या. मंगळवारी येताना त्या फ्रिजवर कलंडल्या. जागृतीने, सुनेने, वेळेवर धरलं. तेव्हापासून पलंगाचा विषय निघाला होता.

प्रेमलाबाई नको म्हणाल्या नव्हत्या. एवढंच म्हणाल्या होत्या, “पुढं येणारा जाणारा आदी पलंगाकडं बगंल.” मागच्या खिडकीतून त्यांना केळी, नारळ आणि पानवेलीच्या दोन ओळी दिसत. वाडीत पाणी सोडलं की नाही हे त्या पडल्या पडल्या सांगत. दुसऱ्या दिवशी बळवंतराव राउटर आणि केबल घेऊन आले.

माकुणसारपासून केळव्यापर्यंतच्या टेलिफोनच्या खांबांवर त्यांची चौतीस वर्षं गेली होती. लाइनमनच्या घरी खात्याचा फोन असायचा, तो पुढच्या खोलीत. तक्रार कधीही यायची, म्हणून लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून त्यांचं अंथरूण फोनखाली पडलं. निवृत्तीनंतर फोन गेला, भिंतीवर दोन भोकं राहिली आणि अंथरूणही तिथेच राहिलं. का, ते कोणी विचारलं नव्हतं.

हवेतून येणाऱ्या नेटवर त्यांचा विश्वास नव्हता. तार खोलीपर्यंत न्यायची, तिच्या टोकाला दुसरा राउटर लावायचा, मग हवेवर सोपवायचं ते फक्त शेवटच्या दहा फुटांचं काम. हा विचार बरोबरच होता. वळणावर बोटभर ढील ठेवून त्यांनी केबल अशी नेली की जागृतीला ती झाडताना दिसलीसुद्धा नाही. चूक टोकाला झाली. येणारी तार येणाऱ्या भोकात, या आयुष्यभराच्या सवयीने त्यांनी ती ‘इंटरनेट’ लिहिलेल्या भोकात बसवली. दिवे लागले, नेट आलं नाही. मग त्यांनी ती शेजारच्या भोकात घातली, तर पुढचंही गेलं.

शैलेश बोईसरला दुपारच्या पाळीला निघून गेल्यावर जागृती माहितीपुस्तक घेऊन त्यांच्याजवळ बसली. सासऱ्यांना शिकवायचं तिला अवघड वाटत होतं, म्हणून ती स्वतःलाच वाचून दाखवल्यासारखं वाचत होती. शेजारचं भोकच बरोबर होतं. पण दोन्ही राउटरांचा पत्ता एकच होता, आणि घरातल्या फोनांना नंबर दोघेही वाटत होते.

बळवंतरावांनी चष्मा काढला. “एका गावात दोन एक्स्चेंज,” ते म्हणाले. “मंग गोंधळ व्हनारच. एक्स्चेंज पुढचंच. ह्यो नुसता खांबावरचा डबा.”

“हो बाबा. तसंच.”

तिने केबल काढली, नवा राउटर एकटाच लॅपटॉपला जोडला, त्याचा पत्ता बदलला आणि त्याचं नंबर वाटणं बंद केलं. नाव आणि पासवर्ड पुढच्याचेच दिले. केबल बळवंतरावांनी पुन्हा शेजारच्या भोकात बसवली. ‘इंटरनेट’चं भोक रिकामं राहिलं. पुन्हा कोणाचा हात तिकडे जाऊ नये म्हणून त्यांनी त्यावर काळ्या टेपचा तुकडा चिकटवला. हा कोणी म्हणजे ते स्वतःच, हे जागृतीच्या लक्षात आलं.

चार वाजता मेघालीचा फोन आला. पोरीने जांभई दिली, ती पूर्ण दिसली, सुरुवातीपासून तोंड मिटेपर्यंत. प्रेमलाबाईंनी फोन खिडकीकडे धरून नातीला केळी दाखवली. बळवंतराव दारात उभे राहून राउटरचे दिवे बघत होते.

“अहो, तिकडं काय बगता? हिकडं बगा, तुमचंच नाक हाय,” त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला शैलेशने नेट चांगलं चालतंय हे कबूल केलं. पण आईने रात्री हाक मारली तर ती ऐकणार कोण, असं त्याने विचारलं. पलंग पुढे आणावाच लागेल.

बळवंतरावांनी कप खाली ठेवला.

“पलंग हलनार नाय,” ते म्हणाले. “माझी गादी मागं टाका. आजपासून मी तिथं झोपनार.”